तीन नंबरच्या न्हाणीतलं पाणी

फौजेतलं माझं शेवटचं पोस्टिंग नगरला आलं. माझं गाव संगमनेरच्या पलीकडे, प्रवरेच्या काठाला. उभी नोकरी आसाम, राजस्थान, काश्मीर अशी काढल्यावर घरचा जिल्हा मिळणं म्हणजे लॉटरीच. बायको म्हणाली, "देवाला दया आली." मी म्हटलं, "देवाला नाही, रेकॉर्ड ऑफिसला."

मी मेडिकलचा हवालदार. काम हायजीनचं. हत्यारं म्हणाल तर एक टॉर्च, पाण्यातल्या अळ्या उचलायची लांब दांड्याची पांढरी पळी, दोन-चार काचेच्या बाटल्या आणि पाठीवरचा फवारणीचा पंप. रायफलवाली पोरं आम्हाला 'मच्छर पलटण' म्हणायची. आजही गावात कुणी विचारलं, फौजेत काय केलं, तर मी सांगतो, अळ्या मारल्या. लोक हसतात. हसू द्या. ज्या कंपनीतली निम्मी माणसं तापाने आडवी झाली, त्या कंपनीच्या रायफली उचलायला कोण येणार?

या कामाने माणसाचा स्वभाव मात्र बिघडतो. कुणाकडे चहाला गेलो तरी माझी नजर आधी माठाखाली जाते, मग कुंडीच्या बशीत, मग फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये. समोरचा म्हणतो, आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे, आणि माझा संशय तिथेच पक्का होतो. बायको म्हणायची, "तुमी पाव्हने म्हनून येता का झडती घ्यायला?" तिचं काही चुकत नव्हतं.

नगरला माझ्याकडे फॅमिली क्वार्टर्सचा एक ब्लॉक होता. नवरा फील्डवर आणि बायको-पोरं इथे, अशा कुटुंबांसाठीची ही क्वार्टर्स. सगळ्या ब्लॉकमध्ये बाया आणि पोरं. पुरुष दिसला तर तो सुट्टीवर आलेला, नाहीतर मी. पाणी रोज यायचं नाही, त्यामुळे घरोघरी ड्रम भरलेले. म्हणून शुक्रवारी कोरडा दिवस पाळायची ऑर्डर होती. त्या दिवशी पाण्याची सगळी भांडी रिकामी करायची, आतून घासायची, उन्हात उपडी घालायची. मी ब्लॉकसमोरून चक्कर मारायचो. उपड्या घातलेल्या भांड्यांवरून घर कळायचं. बायांच्या घरात तपासणी बहुतेक दारातूनच व्हायची.

तीन नंबरच्या दारातली भांडी सगळ्यात चकचकीत असायची. तिथे सुनंदा वहिनी आणि तिची सात वर्षांची मुलगी आरती राहायच्या. सुनंदा वहिनीचा नवरा, नाईक संपत, पारनेरकडचा. आखाड लागता लागता तो काश्मीरला गस्तीवर असताना गोळी लागून गेला. मुलीची शाळा मध्येच तुटायला नको म्हणून वहिनीला क्वार्टर ठेवायची परवानगी मिळाली होती. मी संपतला कधी पाहिलं नव्हतं. वहिनी कुणाशी फार बोलायची नाही. दार लावून बसायची.

गणपती उठले आणि ब्लॉकमध्ये ताप शिरला. पहिला आजारी पडला दोन नंबरचा सोहम, लता वहिनीचा मुलगा. तिचा नवरा लान्सनाईक, राजस्थानात. सोहमला मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. डेंग्यू निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लता वहिनी कपडे न्यायला घरी आली, ती थेट एक स्टीलची वाटी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"भाऊ, हे बघा. आमच्या न्हाणीत वळवळतंय. ह्याच्यानंच माझ्या पोराला ताप आलाय."

वाटीत काळपट, दोऱ्याच्या तुकड्यांएवढ्या अळ्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, ह्या मोरीतल्या. ह्यांनी ताप येत नाही."

"मग कशानं येतो?"

"शोधतो."

"शोधा. पन आधी ह्या तीन नंबरवालीकडं शोधा. कायम दार लावून बसती. संध्याकाळच्याला तिच्या न्हाणीतून बोलल्याचा आवाज येतो. भिंत एकच हाय आमची, मी कानानं ऐकलंय. आत कोन असतं, कुनाला ठावं?"

दुपारपर्यंत ब्लॉकभर न्हाण्यांची झडती सुरू झाली. एकीला जाळीवर काळ्या अळ्या दिसल्या, दुसरीला बादलीत तांबड्या. कुणी म्हणालं, वरच्या टाकीत कुणीतरी काहीतरी टाकलंय. कुणाचा संशय सफाईवाल्यावर, कुणाचा प्लंबरवर, आणि शेवटी सगळ्यांची बोटं तीन नंबरच्या दाराकडे. फिनाईलच्या बाटल्या मोऱ्यांत रिकाम्या झाल्या. वासाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अळ्या आपल्या जागेवर होत्या.

आमचे सुभेदारसाहेब गढवालचे. कमी बोलायचे. त्यांनी मला बोलावलं.

"हवालदार, सोर्स मिला?"

"ढूँढ रहा हूँ, सर."

"कल शाम तक चाहिए. बहाना नहीं."

"जी सर."

मी सगळ्यांना ब्लॉकच्या अंगणात बोलावलं आणि तीन बाटल्या ओट्यावर मांडल्या. आजही आमच्या गल्लीत कुणाच्या बाथरूममध्ये काही वळवळलं की मला बोलावणं येतं, आणि मी तेच सांगतो, जे त्या दिवशी सांगितलं.

पहिली बाटली काळपट अळीची. न्हाणीच्या भिंतीवर केसाळ पंखांची, बारीक, सुस्त पाखरं बसलेली दिसतात ना, त्यांची ही पिल्लं. मोरीच्या पाईपला आतून जो बुळबुळीत थर बसतो, त्यात राहतात आणि तोच खातात. शंका असेल तर झोपताना जाळीवर चिकटपट्टी उलटी लावून ठेवा. सकाळी पाखरं चिकटलेली दिसली की समजा, घर पाईपमध्येच आहे. वरून फिनाईल ओतलं तर ते थरावरून घसरून निघून जातं. जाळी काढून लांब ब्रशने थर खरवडायचा, धुण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओतायचं, आणि मोरी काही तास कोरडी ठेवायची. हे चार-पाच दिवस केलं की वंश बुडतो.

दुसरी बाटली तांबडीची. ही दिसायला सगळ्यात भयंकर आणि तशी गरीब. चावत नाही, चिकटत नाही. ती नळातून आली तर वरच्या टाकीच्या तळाला गाळ आहे आणि झाकण नीट बसत नाही, एवढंच ती सांगते. टाकी धुवायची, झाकण बसवायचं, हवेच्या पाईपला जाळी बांधायची.

तिसऱ्या बाटलीत डासाची अळी होती, हॉस्पिटलच्या मागच्या टायरमधून आणलेली. ही पाण्यात डोकं खाली आणि शेपूट वर करून लटकते. मी बाटलीला टिचकी मारली. सगळ्या अळ्या आकडे काढत तळाला गेल्या.

"हिला ओळखून ठेवा," मी म्हटलं. "आपल्याला ही शोधायची आहे. आणि ही मोरीत सापडणार नाही. डेंग्यूचा डास टापटिपीचा असतो. त्याला साठवलेलं, स्वच्छ पाणी लागतं."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं होतं. अख्खा ब्लॉक मोऱ्या घासत होता आणि मोऱ्यांचा यात काही संबंध नव्हता. सुनंदा वहिनी मागे उंबऱ्यात उभी होती. तिने तिसऱ्या बाटलीकडे बघितलं आणि आत जाऊन दार लावलं. ते मी टिपून ठेवलं.

तीन नंबरचं दार लावलेलंच होतं, म्हणून संध्याकाळपर्यंत मी बाकीची सगळी घरं आतून बघितली. ड्रम, हंडे, कूलर, कुंड्या. काही नाही. वरची टाकी धुऊन घेतली. तिथेही डासाची अळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधून निरोप आला. पाच नंबरची मुलगीही दाखल झाली होती, आणि सोहमच्या प्लेटलेट्स आणखी उतरल्या होत्या.

मी ब्लॉकच्या मागे गेलो. तिथे प्रत्येक न्हाणीचा पाईप नाल्यात सोडलेला होता. सकाळची वेळ, आंघोळी चालू, सगळे पाईप वाहत होते. तीन नंबरचा पाईप कोरडा ठणठणीत होता. तोंडाशी कोळ्याने जाळं विणलेलं. म्हणजे त्या न्हाणीत कित्येक दिवसांत तांब्याभर पाणीसुद्धा पडलं नव्हतं. वर झरोक्याची एक काच फुटलेली होती. झरोक्याखालच्या भिंतीवर डास बसलेले, भर उजेडात. पायांवर पांढरे पट्टे, डेंग्यूच्या डासाची खूण.

माझ्या मनात काय काय आलं ते सांगतो. वापरात नसलेली न्हाणी, संध्याकाळचं बोलणं, लावलेलं दार. कुणी माणूस लपवलाय का? फौजी कॅन्टीनचा चोरटा माल? एकटी बाई, हातात नुकताच आलेला पैसा, गोड बोलणारे नातेवाईक. अशा घरात काय शिरेल सांगता येत नाही. मी पुढे येऊन दार वाजवलं.

"वहिनी, न्हाणी बघायची आहे."

"बंद हाय ती. वापरत न्हाई आमी."

"मग आंघोळ?"

"मागल्या दारी, आडोसा लावून."

"का बरं?"

"बंद हाय म्हनलं ना, भाऊ."

तिच्या खांद्यावरून मला न्हाणीचं दार दिसलं. कडीला कुलूप. घरातल्या न्हाणीला कुलूप लावलेलं मी उभ्या नोकरीत पहिल्यांदा बघितलं. किल्ली तिच्या पदराच्या गाठीला होती आणि ती गाठ तिने मुठीत धरली होती.

मी अंगणात येऊन साहेबांना फोन लावला.

"सर, तीन नंबर. लेडी मना कर रही हैं."

"वजह?"

"बता नहीं रहीं."

"तुम्हें शक है?"

"सोर्स वहीं है, सर."

"लेडी स्टाफ भेजता हूँ. ताला तोड़ दो."

"सर, एक बार और बात करने दीजिए."

साहेब म्हणाले, "दोपहर तक. उसके बाद ताला टूटेगा."

मी परत गेलो आणि यावेळी दारात उभा न राहता पायरीवर बसलो. टॉर्च खाली ठेवला. वहिनी उंबऱ्यात उभी होती. आरती तिच्या मागून डोकावत होती.

"वहिनी, मी स्पष्टच विचारतो. आत कोण आहे?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली.

"कोन असनार, भाऊ? पानी हाय."

"साहेब कुलूप तोडायला माणसं पाठवणार आहेत. तिकडे दोन लेकरं सलाईनवर आहेत. त्यांच्यानंतर आरतीचा नंबर लागायला वेळ लागणार नाही. डास तर तिच्याच उशाला आहेत."

ती आरतीकडे वळली. तिचा दंड धरून उजेडात बघितला. चावल्याचे लाल ठिपके होते. तिने पदराची गाठ सोडली.

न्हाणीत एक निळा ड्रम होता. झाकणावर घडी घातलेला फौजी टॉवेल. बाकी न्हाणी झाडून-पुसून लख्ख. ड्रमजवळ एक लाकडी पाट, कुणीतरी रोज बसत असल्यासारखा. झाकणाची कड उंदराने कुरतडलेली होती. डासाला तेवढी फट पुष्कळ. मी टॉवेल बाजूला केला, झाकण उचललं, टॉर्च मारला. पाणी बरंच आटलेलं, तळाला राहिलेलं, पण नितळ. आणि त्यात अळ्या. उजेड पडताच सगळं पाणी हलल्यासारखं झालं. नोकरीत इतक्या अळ्या मी एका जागी क्वचितच बघितल्या होत्या.

"वहिनी, हे पाणी कशासाठी ठेवलंय?"

ती पाटाजवळ उभी राहिली. हळू बोलली, पण अडखळली नाही.

"सुट्टी संपली की जायच्या दिशी आरतीचे पप्पा समदं पानी भरायचे. हंडे, बादल्या, ड्रम. गाडीची येळ झाली तरी नळापाशी. म्हनायचे, मी वर पोचस्तवर तुला पान्याची वढ नको. ह्या टायमालाबी भरलं. निम्मं आमी वापरलं, तवर फोन आला. त्यांचे कपडे युनिटनं धुऊन, घड्या घालून पाठवले. कशालाच त्यांचा वास ऱ्हायला न्हवता. त्यांच्या हातचं घरात एवढंच ऱ्हायलंय, भाऊ. कसं वतू?"

सुट्टीवरून परतणारा प्रत्येक फौजी हे करतो. पाणी भरतो, गॅसची टाकी लावतो, पंख्याचा बिघाड काढतो. तोंडाने काही बोलता येत नाही म्हणून हाताने करत राहतो. मीही केलं आहे. माझी बायको म्हणायची, "आता बास, अंगन बी भरता का?" माझ्या घरचं पाणी दर वेळी संपलं आणि दर वेळी मी परत आलो. वहिनीपुढे मला हे बोलवलं नाही.

मागे पावलं वाजली. लता वहिनी हॉस्पिटलमधून आली होती आणि उघडं दार बघून आत शिरली होती. तिने ड्रममध्ये वाकून बघितलं.

"ह्या पान्यापायी? ह्या पान्यापायी माझं लेकरू तिथं पडलंय?"

"लता, मला ठाव न्हवतं गं. झाकन लावलेलं हुतं. देवाशपथ ठाव न्हवतं."

"रोज हितं बसून कुनाशी बोलत हुतीस?"

सुनंदा वहिनीने ड्रमकडे बघितलं. लता वहिनीचं तोंड उघडं होतं ते तसंच मिटलं.

मी म्हटलं, "कुठला डास कुणाला चावला, हे कुणीच सांगू शकत नाही. पण हा ड्रम आज रिकामा करावा लागेल. औषध टाकून अळ्या मरतील, पण आतल्या भिंतीला अंडी चिकटलेली असतात. ती घासल्याशिवाय जात नाहीत."

सुनंदा वहिनी म्हणाली, "मोरीत न्हाई वतनार मी."

"वहिनी..."

"मोरीत न्हाई. त्यांनी पोरीसाठी भरलं हुतं. पोरीच्या अंगावर पडू द्या. गाळून, उकळून न्हाऊ घातली तर चालंल का, भाऊ?"

अशी परवानगी माझ्याकडे याआधी कुणी मागितली नव्हती. मी विचार केला. गाळलं की अळ्या जातील, खळखळून उकळलं की उरलंसुरलं मरेल. प्यायला नाही, पण अंगावर घ्यायला हरकत नव्हती.

"चालेल," मी म्हटलं. "चांगलं उकळा. कडुलिंबाचा पाला टाका."

लता वहिनी तरातरा निघून गेली. मला वाटलं, बाया गोळा करून आणते आता. ती आली तेव्हा तिच्या हातात मलमलीचं धुतलेलं फडकं होतं, आणि तिच्या मागून पाच नंबरची आजी मोठं पातेलं घेऊन येत होती.

"एकटीला फडकं धरता यायचं न्हाई," लता वहिनी म्हणाली. तिचा आवाज अजून कडकच होता. तिने फडक्याची दोन टोकं सुनंदा वहिनीच्या हातात दिली, दोन स्वतः धरली, आणि मला म्हणाली, "वता, भाऊ."

सोहम वाचला, हे इथेच सांगून टाकतो. पाच नंबरची मुलगीही बरी होऊन घरी आली. पण त्या दुपारी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. लता वहिनीचा मोबाईल तिच्या कमरेला खोचलेला होता आणि तो वाजला की तिची नजर तिकडे जायची. तरी तिने फडकं सोडलं नाही.

मी साहेबांना फोन केला. "सर, सोर्स मिल गया. नष्ट कर रहे हैं."

"ताला तोड़ना पड़ा?"

"नहीं सर. नाईक संपत का भरा हुआ पानी था. घरवाली ने रख लिया था."

साहेब म्हणाले, "ठीक है. आराम से करो."

मागच्या अंगणात तीन दगडांवर पातेलं चढवलं. पाणी खळखळून उकळलं, मग निवेपर्यंत सगळे थांबले. ब्लॉकमधल्या बाया एकेक करून येऊन उभ्या राहिल्या. कालपर्यंत ज्या तीन नंबरच्या दाराकडे बोट दाखवत होत्या, त्याच. मी बाजूला बसून रिकामा ड्रम तारेच्या ब्रशने घासत होतो. आत पाण्याच्या रेषेला काळी अंडी होती. ती खरवडली, ड्रम कढत पाण्याने धुतला आणि उन्हात उपडा घातला. झरोक्याला जाळी ठोकली. न्हाणीत फवारणी केली. माझं काम संपलं होतं, पण मी थांबलो.

आरतीला कपडे धुण्याच्या दगडावर बसवलं. सुनंदा वहिनी तांब्या तांब्याने पाणी घालत होती. साबण लावला नाही. डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर, सावकाश. आरती डोळे मिटून बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सकाळपासूनचं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं. शेवटचा तांब्या झाला. वहिनीने पातेलं तिरकं केलं, तळाचं निथळून घेतलं आणि तेही तिच्या डोक्यावर ओतलं.

"अजून हाय का पप्पांचं पानी?" आरतीने विचारलं.

"न्हाई बाळा. संपलं."

हे बोलताना वहिनी दगडाशेजारी मटकन खाली बसली. आखाडात तिच्या घरी शोकपत्र आलं होतं, मोठे साहेब येऊन गेले होते, बंदुकांची सलामी झाली होती. पण संपत गेला हे तिने त्या क्षणी ऐकलं, असं मला वाटलं. मी ब्रश खाली ठेवला आणि ओल्या पायांनीच सावधानमध्ये उभा राहिलो. समोर ना झेंडा होता, ना फोटो. नाईक संपत, ज्याला मी कधी भेटलो नाही, त्याला मी तिथे सलामी दिली.

लता वहिनी टॉवेल घेऊन पुढे झाली आणि आरतीच्या डोक्यावर टाकणार, तोच आरतीने तिचा हात धरला.

"काकू, पुसू नका."

लता वहिनीने टॉवेल छातीशी धरला. पोर तशीच उन्हात बसून राहिली, आणि तिच्या अंगावरचं पाणी आपोआप वाळेपर्यंत ब्लॉकमधली एकही बाई घरात गेली नाही.